करार आणि कौल

बाभुळगांवच्या कापूसकऱ्याचा आंतरराष्ट्रीय अणुकराराशीं काय संबंध, असें वाचक सहज विचारतील. परंतु २२ जुलै २००८ रोजीं लोकसभेंत भारत-अमेरिका अणुकराराच्या वादांतून उद्भवलेल्या विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चालली असतां, राहुल गांधी यांनीं याच यवतमाळ जिल्ह्यांतील जळका गांवच्या एका शेतकरी विधवेची हकीकत सांगितली. दारिद्र्याचा प्रश्न विजेच्या प्रश्नाशीं निगडित आहे, हें त्यांना दाखवावयाचें होतें. मंत्रिमंडळ २७५ विरुद्ध २५६ मतांनीं तरलें.

येथें एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. अमेरिकेंत कायदेमंडळाच्या संमतीवांचून हा करार अमलांत येणें शक्य नव्हतें. सेनेटनें १ ऑक्टोबर २००८ रोजीं तो ८६ विरुद्ध १३ मतांनीं संमत केला. आपल्याकडे करार करणें हा कार्यकारी मंडळाचा अधिकार. म्हणून डाव्या पक्षांनीं पाठिंबा काढून घेतल्यावर लोकसभेपुढें जो प्रश्न आला तो मंत्रिमंडळाच्या अस्तित्वाचा. कराराच्या कलमांचा नव्हे.

तथापि संसद निष्प्रभ ठरली नाहीं. अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हें कायद्यावांचून ठरणारें नव्हतें. भोपाळच्या १९८४ सालच्या दुर्घटनेचा धडा ध्यानांत ठेवून संसदेनें २०१० सालीं, यंत्रसामग्री सदोष निघाल्यास पुरवठादाराकडून वसुली करण्याचा हक्क अणुवीजकेंद्र चालविणारास दिला. या एका कलमापायीं परदेशी कंपन्यांशीं चाललेल्या वाटाघाटी पुढें कित्येक वर्षें रेंगाळल्या.

जळक्याच्या त्या बाईच्या प्रतिनिधीस करारावर मत देतां आलें नाहीं. भरपाईच्या कायद्यावर देतां आलें. लोकशाहीच्या इतिहासांत हा भेद लहान नव्हे.