उसन्या आज्ञावलींचा सांभाळ

संगणकाचा सारा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम एकहातीं लिहिलेली क्वचितच असते. तींत परक्यांचें पुष्कळ लेखन उसनें घेतलेलें असतें. १९९३ सालीं आरंभ झालेल्या फ्रीबीएसडी ह्या प्रणालीच्या कर्त्यांनीं अशा लेखनासाठीं 'कॉन्ट्रिब' नांवाचें वेगळें दालन राखलें. आलेली प्रत प्रथम जशीच्या तशी 'व्हेंडर' शाखेंत ठेवावयाची, व मगच आपल्या दुरुस्त्यांसह मुख्य ग्रंथांत मिळवावयाची, हा त्यांचा परिपाठ. त्यामुळें मूळ कोणतें व भर कोणती हें ताडून पाहतां येतें, आणि मूळ कर्त्याची नवी आवृत्ति उतरून घेणें सुलभ होतें. समासांतील टीप ओवींत मिसळली म्हणजे पोथीचें काय होतें, हें आपण जाणतोंच.

परंतु नुसती मांडणी पुरत नाहीं. गुप्त दळणवळण सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष २०१४ च्या एप्रिलांत उघडकीस आला. संगणकाच्या स्मृतींतील गुप्त मजकूर त्यायोगें परक्याच्या हातीं जाऊं शके. दोन वर्षें तो प्रसिद्ध आवृत्त्यांत तसाच होता, फ्रीबीएसडीच्या १०.० आवृत्तींतही तो शिस्तीनें येऊन बसला होता! ओपनबीएसडी ह्या भगिनी-प्रणालीच्या कर्त्यांनीं मग तें लेखन स्वतः वाचावयास घेतलें, पहिल्या आठवड्यांतच ९०,००० हून अधिक ओळी गाळल्या, व 'लिबरेएसएसएल' ही स्वतंत्र शाखा काढली.

मीं जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. सुवाच्य नक्कल म्हणजे वाचन नव्हे, हें त्यांनींच मला शिकविलें. उसनें म्हणून घरांत ठेविलेलें वाचून पाहण्याची जबाबदारी घरधन्याचीच असते.