ई-२० पेट्रोल तुमच्या गाडीला चालेल का? शिरूर-दौंडकरांनो, टाकी भरण्याआधी हे वाचा

शिरूर आणि दौंड म्हणजे उसाचा पट्टा. पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, न्हावऱ्याचा घोडगंगा ही नावं इथे पोरासोरांनाही पाठ असतात. उसाचा रस आणि मळी यांपासून इथेनॉल बनतं आणि तेच पेट्रोलमध्ये मिसळतात. त्यामुळे कारखान्याला ऊस घालणारा आणि पंपावर टाकी भरणारा, इथल्या कित्येक घरांत माणूस एकच असतो. इथेनॉलमुळे कारखान्याला साखरेशिवाय दुसरं उत्पन्न मिळतं, हे खरं. पण घरातल्या जुन्या गाडीचं काय?

ई-२० म्हणजे काय?
८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं. ते अलीकडे आणलं गेलं आणि २०२५ मध्ये देशाने ते गाठलं. पंपावरचं साधं पेट्रोल आता हेच आहे. यातलं इथेनॉल फक्त उसाचं नसतं, मका आणि तांदळापासूनही बनतं.

माझी गाडी कोणत्या गटात?
• एप्रिल २०२३ नंतर बनलेली: सहसा ई-२० ला चालणारी. टाकीच्या झाकणाजवळचं स्टिकर किंवा मॅन्युअल बघून खात्री करा.
• त्याआधीची: मॅन्युअलमध्ये ई-५ किंवा ई-१० लिहिलेलं असू शकतं. अशा गाडीत रबरी पाइप, सील आणि गॅस्केट लवकर खराब होऊ शकतात. सर्व्हिसिंगला ते आवर्जून तपासून घ्या.
• डिझेल गाडी किंवा ट्रॅक्टर: ई-२० शी संबंध नाही.

मायलेज किती कमी होतं?
एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या कारचं मायलेज ६ ते ७ टक्के, तर दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटतं. ई-२० साठी जुळवलेल्या कारमध्ये घट १ ते २ टक्केच. म्हणजे ५० चं मायलेज देणारी जुनी बाइक साधारण ४८ देईल. घट याहून बरीच जास्त वाटली, तर दोष फक्त इथेनॉलला देऊ नका. एअर फिल्टर, प्लग आणि टायरमधली हवाही बघा.

दुसरा पर्याय आहे का?
१०० ऑक्टेनचं पेट्रोल इथेनॉलविरहित म्हणून विकलं जातं, पण ते खूप महाग आहे आणि मोजक्याच पंपांवर मिळतं. ‘प्रीमियम’ लिहिलंय म्हणजे इथेनॉल नाही, असं समजू नका. ई-१०० हे जवळजवळ पूर्ण इथेनॉल असतं. त्याचा प्रायोगिक प्रकल्प ५ जून २०२१ रोजी पुण्यातच सुरू झाला होता. पण ते फक्त फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी आहे, साध्या गाडीत चुकूनही भरू नका.

काय काळजी घ्याल?
इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं आणि गाडी बंद पडू शकते. म्हणून पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट लावा. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. वॉरंटीबद्दल शंका असेल, तर सर्व्हिस सेंटरकडून उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासन नंतर कामाला येत नाही.