हात कानाला लागला, की शाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुलडाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं सोनाळा हे गाव घ्या, नाहीतर वऱ्हाडातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारली, तर बहुतेकदा दोन उत्तरं मिळतात. एक आईनं सांगितलेलं: ‘पोळ्याच्या करीले झाला’, ‘कापूस वेचायच्या दिवसांत झाला’. दुसरं उत्तर शाळेच्या दाखल्यावरचं. ते बहुधा एक जून असतं. विदर्भात उन्हामुळं शाळा उशिरा उघडतात, म्हणून कुठं कुठं एक जुलै.

एकाच दिवशी एवढी माणसं जन्मली कशी, असं नव्या पिढीला वाटतं. जन्माची नोंद घरी नसायची, दाखला तर दूरच. बाप मुलाला घेऊन शाळेत आला, की गुरुजी मुलाला म्हणायचे, ‘उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर.’ कान हाताला लागला, की मूल सहा वर्षांचं झालं! मग चालू सालातून सहा वजा करायचे आणि शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं म्हणून तारीख एक जून टाकायची. झाला जन्म! ही परीक्षा काही आपल्याकडचीच नव्हे. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही ती चालत असे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि हात आखूड असतात. हात लांब झाला, की मूल वाढलं हे कळतं, पण साल आणि महिना काही त्यातून कळत नाही.

त्या अंदाजानं माणसाचं पुढचं सारं आयुष्य बांधलं गेलं. नोकरीला लागण्याचं वय, बढती, निवृत्ती, सगळं त्या तारखेवरून. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळं एकतीस मे आला, की कचेऱ्या-कचेऱ्यांतून निरोप समारंभांची रांग लागते.

पण मुळात प्रश्न असा, की सहाच का? पाच का नाही, सात का नाही? हा आकडा ठरवला कुणी?

आपल्याकडच्या जुन्या परंपरेत विद्यारंभ पाचव्या वर्षी सांगितला आहे. दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं आणि धुळपाटीवर बोट फिरायचं. पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हती, त्यामुळं प्रवेशाचं वयही काटेकोर नव्हतं. मूल आलं, की सुरुवात. मात्र ही दारं सगळ्यांसाठी उघडी नव्हती. मुली बाहेर होत्या, आणि गावाचा मोठा भागही बाहेर होता. वयाचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला, तो शिक्षण सर्वांना आणि सक्तीनं द्यायचं, असा विचार पुढं आला तेव्हा.

इंग्लंडात हा विचार १८७० च्या कायद्यानं आला. पाच वर्षांपासून मुलांना शाळेत येण्याची सक्ती करण्याचा अधिकार त्या कायद्यानं स्थानिक शाळा-मंडळांना दिला. पुढं १८८० साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांची हजेरी देशभर सक्तीची झाली. पाच हा आकडा मुलांच्या मनाचा अभ्यास करून निघालेला नव्हता. आया गिरण्यांत कामाला, मुलं रस्त्यावर; त्यांना चार भिंतींत आणायचं होतं. शिवाय लवकर सुरू केलं, की लवकर संपतं आणि पोर कामाला मोकळं होतं, हाही हिशेब होता. युरोपातल्या शेजारी देशांनी सहा धरलं. फिनलंडनं तर सात. इंग्लंडचं पाच मात्र आजही कायम आहे. पाचवा वाढदिवस झाल्यानंतरच्या सत्रापासून तिथं शिक्षण सक्तीचं होतं. प्रत्यक्षात चौथा वाढदिवस झाला, की येणाऱ्या सप्टेंबरातच मुलाला शाळेच्या पहिल्या वर्गात, ‘रिसेप्शन’मध्ये, घेतात. इथून तिकडं गेलेल्या मराठी कुटुंबांना सव्वाचार वर्षांच्या पोराला गणवेश चढवताना नवल वाटतं. तिथंही वाद आहेच. ऑगस्टअखेर जन्मलेलं मूल वर्गात सर्वांत लहान, आणि सप्टेंबरात जन्मलेलं त्याच्याहून जवळजवळ वर्षानं मोठं. परीक्षेतल्या गुणांत धाकट्यांची ही पिछाडी दिसते, असं तिथल्या अभ्यासकांनी वारंवार दाखवलं आहे.

आता आपल्याकडं वळू. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी, ही त्यांची मागणी होती. गंमत पाहा, त्यांनी आकडा सांगितला तो शाळा कधी सुटावी याचा. शेतकऱ्याच्या घरात सात-आठ वर्षांचं पोर गुरांमागं जाऊ लागतं, मुलगी धाकट्याला कडेवर घेऊ लागते. मूल शाळेत टिकणार किती, हा खरा प्रश्न होता. तो जोतीरावांनी अचूक ओळखला होता.

प्रत्यक्ष प्रयोग केला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. आधी १८९३ मध्ये अमरेली भागात, आणि मग १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मुलांसाठी सात ते बारा वर्षं आणि मुलींसाठी सात ते दहा! सुरुवात दोघांची एकाच वयात. पण मुलीची शाळा दोन वर्षं आधी संपली. काळाच्या मानानं पाऊल मोठंच होतं, तरी आकड्यांत समाज कसा उमटतो, ते इथं दिसतं.

पुढं नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती होती, तीही जिथं शाळांची पुरेशी सोय आहे तिथंच. मासिक दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. एवढं बेताचं मागूनही १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. चार वर्षांची शाळासुद्धा सरकारला आणि बड्या मंडळींना जड वाटली.

पण बीज पडलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. मध्य प्रांतात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं. १९३७ मध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. तिच्यातून निघालेल्या योजनेनं पुन्हा सात ते चौदा हे वय धरलं. टकळी, चरखा, शेती अशा उद्योगांतून शिकायचं, तर हाताला काम झेपलं पाहिजे. त्या योजनेला सात साजेसंच होतं. १९४४ च्या सार्जंट योजनेनं परत सहा म्हटलं. म्हणजे सात, सहा, सात, सहा! आकडा मुलाच्या वाढीवरून ठरत नव्हता. मोठ्यांना शाळेकडून काय हवं, त्यावर तो ठरत होता.

या सगळ्यात सहा वर्षांखालच्या मुलाकडं पाहिलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, पुढं १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसलं, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातूनच आला. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी चालवली, तर बहीणभाऊ दोघंही शिकतात. वयाची भिंत किती लटकी आहे, हे इतकं साधेपणानं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

आपल्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानं तर खालचा आकडाच दिला नव्हता. चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि तेही दहा वर्षांत, असं उद्दिष्ट होतं. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच आधारावर चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क म्हटलं. पण २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-अ मध्ये शब्द आले, ‘सहा ते चौदा वर्षं’. हक्क पक्का झाला, ही मोठी गोष्ट. पण सहाच्या खालची मुलं त्यातून वगळली गेली. त्यांच्यासाठी उरलं ते बदललेलं ४५ वं कलम, म्हणजे राज्यानं प्रयत्न करावा असा निर्देश. सहा हा आकडा आता नुसता प्रवेशाचा राहिला नाही. हक्क कुठं सुरू होतो, त्याची ती रेघ झाली.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. त्यानं एक चांगलं केलं: वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हा नियम टप्प्याटप्प्यानं आणायचं ठरवलं. मग वर्षातल्या कुठल्या तारखेला सहा पूर्ण हवीत, यावर घोळ झाला. जुलैअखेर, सप्टेंबरअखेर असं करत २०२१-२२ या शालेय वर्षासाठी ३१ डिसेंबर ही तारीख ठरली. म्हणजे जूनमध्ये साडेपाच वर्षांचं मूलही पहिलीत बसू शकतं. शहरातले आईबाप या तारखांवरून रात्री जागवतात. मुलाचं एक वर्ष वाया जाईल, ही त्यांची धास्ती.

खेड्यातली आणि पाड्यावरची काळजी वेगळी आहे. सातपुड्याच्या कुशीतलं मूल सहाव्या वर्षी पहिलीत येतं, तेव्हा शहरातल्या मुलाची तीन वर्षं नर्सरी-केजीत गेलेली असतात. दोघांच्या दाखल्यावर वय सारखंच, पण एकानं पुस्तक हाताळलेलं असतं, गाणी म्हटलेली असतात. दुसऱ्याच्या वाट्याला आलेली अंगणवाडी चांगली चालत असेल तर ठीक. नसेल, तर घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, अशा वर्गात ते थेट येऊन पडतं. ते मंद नसतं, त्याला तीन वर्षं उशीर झालेला असतो.

म्हणून मूल पाचव्या वर्षी शाळेत घालावं की सहाव्या, यावर वाद घालण्याआधी त्याच्या पहिल्या सहा वर्षांत आपण त्याला काय दिलं, हे विचारायला हवं. गुरुजींची कानाची परीक्षा कच्ची होती, पण ती घेताना त्यांची नजर समोरच्या मुलावर असायची. आज आपल्याकडं जन्माचे पक्के दाखले आहेत, तारखाही नक्की आहेत. तीन ते सहा वर्षांचा हक्क मात्र अजून कायद्यात लिहायचा राहिला आहे.