आइ-काऊ आणि ता-काऊ

परभाषेतील नामे बाजार शिकवतो, परंतु उचलणे, ओढणे, ढकलणे, भांडणे ही देहाची क्रियापदे सहवासावाचून साधत नाहीत. आणि चीनच्या ज्या कँटन बंदरात सहवासालाच सरकारी मनाई होती, तेथील युरोपीय वखारवाल्यांचा व्यवहार परवानाधारक दुभाष्यांवर आणि मोडक्यातोडक्या पिजिन इंग्रजीवर चालावा, हे क्रमप्राप्तच होते. 1759 साली चिनी जाणणारा जेम्स फ्लिंट हा इंग्रज बंदरातील जुलुमाची फिर्याद घेऊन उत्तरेस तिएनत्सिनपर्यंत गेला, तेव्हा त्यास मकाव येथे तीन वर्षे कैद भोगावी लागली, आणि त्याचा अर्ज लिहून देणाऱ्या लिऊ याबियान या चिनी लेखकास देहदंड झाला. परकीयास भाषा शिकवणे हा त्यानंतर जिवावरचा उद्योग ठरला. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन जाणारे पारशी सौदागरही याच बंदिस्त व्यवस्थेत वावरत.

अशा स्थितीत 1807 मध्ये रॉबर्ट मॉरिसन हा मिशनरी तेथे उतरला आणि भीत भीत येणाऱ्या शिक्षकांकडून शिकत, 1828 मध्ये त्याने कँटनी बोलीचा शब्दसंग्रह मकाव येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या छापखान्यातून प्रसिद्ध केला.

या बोलीची क्रियापदे पाहिली म्हणजे सहवासाचे मोल उमगते. ‘लाइ’ म्हणजे ओढणे. पण शिपाई ‘लाइ’ करतो तेव्हा ती अटक असते. ‘युक’ म्हणजे हलणे आणि ‘सौ’ म्हणजे हात; ‘युक-सौ’ म्हटले की प्रकरण हातघाईवर आले. ‘ता’ म्हणजे मारणे, तरी ‘ता-कुंग’ म्हणजे निरुपद्रवी चाकरी. ‘आइ’ म्हणजे ओरडणे, म्हणून ‘आइ-काऊ’ ही बाचाबाची आणि ‘ता-काऊ’ ही हाणामारी. शेवटचे अक्षर एकच, भांडण मात्र पहिल्यात तोंडाचे, दुसऱ्यात हाताचे. रस्त्यावर गलका उठला असता दूर उभे राहावे की मध्ये पडावे, हे त्या एका आद्याक्षरावरून ठरते.

1844 मध्ये अमेरिकेशी झालेल्या वांगशिया तहात अमेरिकनांनी चिनी शिक्षक नेमण्यास उघड मुभा देणारे कलम घालण्यात आले. शेजाऱ्याचे बोलणे शिकण्याचा साधा हक्क तहनाम्याने मिळवावा लागला. आणि ज्याने केवळ एक अर्ज लिहून दिला, त्या लिऊ याबियानला जाऊन तेव्हा पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली होती.