परदेशात राहून ऑनलाइन नोकरी : व्हिसाचे नियम

आपल्या भागातील मुले आता लॅपटॉप घेऊन परदेशात राहून इकडच्या कंपनीचे काम करू पाहतात. पालकांच्या माहितीसाठी मुख्य नियम देत आहोत.

पर्यटक व्हिसा : हा फिरण्यासाठी असतो. पगार भारतात जमा होतो म्हणून त्यावर काम चालते, असे समजू नये. नियमभंग ठरल्यास परत पाठवले जाते आणि ती नोंद पुढच्या अर्जाला आड येते.

दुबई : एक वर्षाचा व्हर्च्युअल वर्क व्हिसा मिळतो. अमिरातीबाहेरील नोकरीचा पुरावा, दरमहा किमान ३,५०० डॉलर उत्पन्न व आरोग्य विमा लागतो.

थायलंड : जुलै २०२४ पासून 'डीटीव्ही' व्हिसा सुरू आहे. मुदत ५ वर्षे, एका वेळी १८० दिवस मुक्काम. वय किमान २० आणि ५ लाख बाथ शिल्लक हवी.

कागदपत्रे : अर्जाच्या तोंडावर भरलेली उसनी रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये लगेच दिसते, शिल्लक आधीपासून ठेवावी. २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. जन्मदाखला व पासपोर्टवर नावे वेगळी असल्यास खुलासा जोडावा.

प्रवास : सांबरा विमानतळावरून देशांतर्गत विमानेच सुटतात. इमिग्रेशन तपासणी मुंबई, बेंगळूर अशा ठिकाणी होते. मध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

रकमा व अटी बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडे खात्री करून घ्यावी, ही विनंती.