'बादली'चे कूळ

'बादली' हा शब्द इतका घरचा वाटतो, की त्याच्या कुळाविषयी शंका येत नाही. परंतु तो मूळचा पोर्तुगीज 'बाल्दे'. मराठीत त्याची 'बालदी' झाली आणि पुढे 'ल' व 'द' यांची अदलाबदल होऊन 'बादली'. वर्णविपर्ययाचे हे नमुनेदार उदाहरण होय. हिंदी 'बाल्टी'त मूळ क्रम टिकला आहे. आशियाई भाषांतील अशा पोर्तुगीज शब्दांचा कोश गोव्यात जन्मलेल्या दालगादो यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला.

बादलीला जर्मनमध्ये 'आयमर' म्हणतात. त्याचे मूळ ग्रीक: दोन्ही बाजूंनी धरून वाहायचे भांडे. लॅटिन 'आम्फोरा'च्या रूपाने तो शब्द जर्मनांकडे आला आणि त्यांनी त्यात आपल्या भाषेतील 'एक' व 'वाहणे' हे शब्द ऐकून त्याचा समास केला. दोन कानांचे भांडे असे एका कडीचे झाले!

'बादली'ही तशीच 'टोपली'च्या पंगतीत बसली. तिचे अनेकवचनही 'बादल्या' असे अस्सल मराठी वळणाचे. चिंचोळी एमआयडीसीतला कामगार नळाखाली बादलीच लावतो, 'जलपात्र' नव्हे. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी म्हणूनच शब्दाच्या जन्मगावाइतकेच त्याचे सासरही पाहावे.