उल्हासनगर आणि भारताचे पाकिस्तानविषयक धोरण

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नामकरण उल्हासनगर असे झाले आणि कॅम्प व बराक यांचे क्रमांक तेथील घरांच्या पत्त्यांत आजवर टिकून राहिले. अंबरनाथला लागून असलेल्या या शहराच्या वाट्याला भारताचे बदलते पाकिस्तान-धोरण मालमत्ता, रेल्वे आणि व्हिसा यांच्या रूपाने आले.

पहिला प्रश्न निष्क्रांत मालमत्तेचा, म्हणजे देश सोडून गेलेल्यांनी मागे टाकलेल्या घरादाराचा होता. शहरी मालमत्तेची विक्री व अदलाबदल व्हावी म्हणून जानेवारी १९४९ मध्ये कराचीत झालेला करार फलद्रूप झाला नाही, तेव्हा भारताने वाटाघाटींची वाट न पाहता १९५४ मध्ये विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियम केला. उल्हासनगरातील कित्येक बराकींची मालकी याच कायद्याखाली निश्चित झाली. उभयपक्षी करार अडला की देशांतर्गत कायद्याने वाट काढायची, हा या धोरणातील सर्वांत टिकाऊ धागा होय.

दळणवळण मात्र एकट्या देशाच्या हाती नसते. मुनाबाव-खोखरापार हा सिंधकडे जाणारा लोहमार्ग १९६५ च्या युद्धात बंद पडला, २००६ मध्ये थार एक्सप्रेसने पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबला. कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावासही १९९४ पासून बंदच आहे. शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवणाऱ्या १९९६-९७ मधील गुजराल सिद्धान्तातूनही पाकिस्तान वगळलेला होता. अपवाद १९७४ च्या तीर्थयात्राविषयक कराराचा : त्यामुळे सिंधी भाविकांचे जथे सिंधमधील शदाणी दरबार व साधुबेला येथे जाऊ शकले, आणि १९७१ च्या युद्धानंतर तीनच वर्षांनी झालेली ही तडजोड तिच्या आकाराच्या मानाने फार मोलाची ठरली.

पुढे सिंधमधून येत राहिलेल्यांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे नागरिकत्व मिळेपर्यंत नूतनीकरण करता येणारा वास्तव्याचा परवाना, हाच आधार होता. अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार २०१६ मध्ये ठाण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचा मार्ग सुकर केला, तरी त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. काश्मीरमधील पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करताना हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम ठेवण्यात आले.